घरच्या मुलीचा राजीनामा

फू मॅडमना बोलावलंय हे चाईशियाने घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. सासऱ्यांच्या ऐंशीचं जेवण, शाशी गावात नदीच्या बंधाऱ्यालगतच्या हॉटेलातली वरची खोली, टेबलावरच्या फिरत्या काचेभोवती आपलीच माणसं. अशात ती वुहानची बाई राखाडी कोटात, दोन्ही हातांत लाल पेटी धरून दारात उभी राहिली. तेव्हा चाईशियाची लेक शूफान आजोबांच्या बशीत माशाची वडी वाढत होती. तिचा हात तसाच थांबला.

"मॅडम? तुम्ही शाशीत?"

"आबांचं दर्शन घ्यायला आले," फू मॅडम हसून म्हणाल्या. "आमच्या घरच्या मुलीचे आजोबा, म्हणजे आमचेही आजोबाच की."

चाईशिया लगबगीने उठली. मॅडमसाठी खुर्ची ओढताना तिने लेकीकडे पाहणं टाळलं. शूफान त्या गिझर कंपनीच्या तक्रार विभागात लागल्याला बरीच वर्षं झाली होती. गेली काही वर्षं कंपनी तिच्या पगाराशिवाय एक वेगळी रक्कम दर महिन्याला थेट चाईशियाच्या खात्यात टाकायची. नाव होतं 'मातापित्यांचा मान'. नवीन वर्षाला तेलाचा डबा आणि रजई यायची. वाढदिवसाला खुद्द मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांचा, या फू मॅडमचा, फोन यायचा. एका वर्षी पोटची पोर तो दिवस विसरली होती, मॅडम विसरल्या नव्हत्या. शेजारणी म्हणायच्या, तुझ्या लेकीने नोकरी नाही, सासर मिळवलंय.

आणि गेल्या रविवारी त्याच लेकीने फोनवर सरळ सांगितलं, "आई, मी राजीनामा दिलाय. आबांचं जेवण होईपर्यंत कोणाला बोलू नकोस."

चाईशिया फोन हातात धरून बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होती. नवऱ्याची गिरणीतली नोकरी गेली तो हिवाळा तिला आठवला. दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून रजईत पडलेला नवरा. तिने मॅडमना फोन लावला. आपण काही वाईट करतोय असं तिला वाटलं नाही. पोर रागाच्या भरात रस्त्यावर धावत सुटली तर आई तिचा दंड धरून तिला आत ओढते, एवढंच. "फक्त मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका," एवढी एक विनवणी तिने केली होती.

लाल पेटीत दीर्घायुष्याचे पीचच्या आकाराचे गोड पाव निघाले. त्याखालून काचेची एक तसबीर. सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'एकनिष्ठ कुटुंब'. आबांनी चष्मा वर सरकवून ती दोनदा वाचली. चाळीस वर्षं सूतगिरणीत घालवलेला, आदर्श कामगार म्हणून छातीवर लाल फूल मिरवलेला तो म्हातारा लहान पोरासारखा खुलला.

"पाहिलंत? अजून आहेत माणसाची किंमत करणारी ठिकाणं."

फू मॅडमनी पेला उचलला. "आबा, आणखी एक आनंदाची बातमी आहे. शूफानला आम्ही विभागाची उपप्रमुख करतोय." टाळ्या पडल्या. मॅडमनी टाळ्या ओसरू दिल्या आणि आवाज मऊ केला. "राजीनाम्याचं ते पत्र मी अजून पुढे पाठवलेलं नाही. थकलेल्या पोरी रागात काय काय लिहितात. घरातली गोष्ट, घरातच मिटवू."

टाळ्या वाजवणारे हात मांडीवर आले.

"कसला राजीनामा?" आबांनी विचारलं.

*

आबांच्या थोरल्या मुलाने, योंगनियनने, पहिल्यांदा पाहिलं ते आपल्या मुलाकडे. वेईकाई मान खाली घालून बशीतला भात चिवडत होता. म्हणजे त्याला ठाऊक होतं. वेईकाई त्याच कंपनीत होता, शूफानच्या शब्दावर लागलेला, आणि त्याचा करार वर्षअखेरीस संपत होता.

मग त्याने चाईशियाकडे पाहिलं, आणि चकितच झाला. धाकट्या भावाची ही बायको गेली पंचवीस वर्षं त्याच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. त्याच्यापुढे ताट ठेवायची ते भिंतीपुढे ठेवावं तसं. आज ती थेट त्याच्याकडे बघत होती. भाऊजी, काहीतरी बोला, असंच ते डोळे म्हणत होते. एवढ्या वर्षांनी तिने काही मागितलं होतं. बहुधा म्हणूनच योंगनियन नको इतक्या जोरात बोलला.

"शूफान! काय पोरखेळ आहे हा? तेहतिशी गाठलीस. पस्तिशीच्या पुढे तुला दारात तरी उभं करतील का कोणी?"

"नाही करणार, मोठे काका. ठाऊक आहे मला."

"मग? पगार कमी आहे? कोणी छळलं?"

"मला नाही."

"मग कोणाला?"

शूफानने हातातल्या जेवणाच्या काड्या बशीच्या कडेला ठेवल्या. "आमच्या विभागात गे आडनावाचे एकजण आहेत. होते. एखाद्या म्हातारीचा गिझर तिसऱ्यांदा बिघडला तर माणूस तिच्या घरी पोचेपर्यंत हे तक्रार बंद करायचे नाहीत. यंदा वरून हुकूम आला, ग्राहकाचा फोन ठेवला की तक्रार मिटली असं लिहायचं. गेंनी लिहिलं नाही. मग त्यांचं टेबल संडासाच्या दाराशी नेऊन ठेवलं. काम काढून घेतलं. सगळ्यांना सांगितलं, त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांच्यासोबत जेवायचं नाही. माणूस रोज यायचा, कोरं टेबल पुढे घेऊन संध्याकाळपर्यंत बसायचा आणि जायचा. आणि मला म्हणाले, तू त्यांची वरिष्ठ, 'हा माणूस कामाला नालायक आहे' असं तू लिहून दे. म्हणजे काढताना भरपाई द्यायला नको."

"गेंचा विषय वेगळा आहे," फू मॅडम म्हणाल्या. "सगळी बाजू तुला माहीत नाही. आणि आजच्या मंगल दिवशी—"

"तुम्ही आलात म्हणून बोलतेय, मॅडम. मी तर गप्प जेवून जाणार होते."

"ताई," वेईकाई पहिल्यांदाच बोलला. "गे, गे, गे! तो माणूस तुझा कोण? माझा विचार केलास तू? माझा करार कोणाच्या हातात आहे ठाऊक आहे ना? तू तत्त्वं मिरवत बाहेर पडणार, आणि संडासाशेजारचं टेबल कोणाला मिळणार? मला!"

"तेव्हा ते टेबल किती वाईट आहे ते तुला कळेल."

"वा! असं बोलतेस भावाशी?"

"तू जेवणघरात काय केलंस ते सांगू सगळ्यांना? गे आपलं ताट घेऊन तुझ्यासमोर येऊन बसले. तू कामाला लागल्यावर पहिले सहा महिने तुला ज्यांनी शिकवलं ते गे. आणि तू ताट उचलून उठलास."

"सगळेच उठले!"

"हो. सगळेच उठले. तेच तर सांगतेय मी."

योंगनियनचा चेहरा तापला. पोराची बाजू घ्यावी की त्याच्या कानाखाली वाजवावी, हे त्याला ठरवता येईना. "चूक झाली असेल त्याची," तो म्हणाला, "पण घरच्यांसाठी माणूस पुष्कळ गिळतो, शूफान. आम्हीही गिळलंय."

टेबलाच्या पलीकडे त्याचा धाकटा भाऊ योंगशान, शूफानचा बाप, बसला होता. तो फक्त फिरती काच बोटाने थोडी इकडे, थोडी तिकडे हलवत होता.

*

शूफानला वाटलं होतं, आपल्याला रडू येईल. आलं नाही. राग इतका कोरडा असतो हे तिला नवीनच होतं.

तिला काम आवडायचं, हीच खरी अडचण होती. मैत्रिणी तिच्या तोंडावर हसायच्या, तक्रारी ऐकण्यात कसली आलीय मजा? पण ओरडत फोन करणारा माणूस शेवटी "बरं, बरं, पोरी" म्हणून फोन ठेवायचा तेव्हा तिचा दिवस सार्थकी लागायचा. कंपनीचा बिल्ला ती रविवारीही पर्समध्ये ठेवायची. गे तिला म्हणायचे, आपण लोकांच्या आंघोळीचं पाणी गरम ठेवतो, ही काय लहान गोष्ट आहे? कंपनीवर त्या माणसाइतकं प्रेम करणारा दुसरा कोणी तिने पाहिला नव्हता. आणि त्यालाच त्यांनी असं सोललं होतं.

"शूफान," फू मॅडम तिच्याकडे झुकल्या. आवाजातला मऊपणा आता पातळ झाला होता. "कंपनीने तुला मोठं केलं. तुझ्या आईवडिलांना मान दिला. असं कुठे मिळतं सांग? थोडी जाण ठेव."

"जाण आहे म्हणूनच बाहेर पडतेय. तिथे राहिले तर कधीतरी मी तसला कागद लिहीन, दुसऱ्या कोणाविरुद्ध. आज नाही तर पुढच्या वर्षी. मला माहितीय."

"हा तुझा शेवटचा शब्द?"

"माझा शेवटचा शब्द मी तुम्हाला वुहानमध्येच दिला होता. इथे का आलात तुम्ही? माझ्या आजोबांच्या ताटावर? माझ्या गावाचा पत्ता दिला कोणी तुम्हाला?"

फू मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. क्षणभर त्यांनी चाईशियाकडे पाहिलं. चाईशियाने अगदी किंचित मान हलवली, नको म्हणून.

"तुझ्या आईंनी," मॅडम म्हणाल्या. "रडत होत्या फोनवर. माझ्या मुलीला वाचवा म्हणाल्या. मी माझ्या सुट्टीच्या दिवशी इतक्या लांब आले ती त्यांच्या शब्दाखातर. आता तुम्हीच समजवा हिला, ताई."

शूफानने आईकडे पाहिलं.

"आई, मी तुला एकटीला सांगितलं होतं."

"तुझ्या भल्यासाठीच—"

"मी एकटीला सांगितलं होतं!"

आबांनी हाताचा पंजा टेबलावर आपटला. पेले हिंदकळले.

"पुरे झालं! ऐंशी वर्षांचा झालो, माझ्यासमोर हा तमाशा? आमच्या वेळी वरिष्ठ घरी आले तर आम्ही उभे राहायचो. गिरणीने मला घर दिलं, तुमची शाळा दिली, तुमच्या आजीचं आजारपण काढलं. माणूस ज्याचं खातो त्याचा होऊन राहतो. गिरणीने जे मागितलं ते मी दिलं. कधी हात मागे घेतला नाही."

"काय मागितलं होतं गिरणीने, आबा?"

सगळे वळले. योंगशानचं बोट काचेवरच होतं.

"योंगशान," योंगनियन घाईने म्हणाला, "आज नको."

"का नको? दादा, तू आत्ताच म्हणालास ना, घरच्यांसाठी आम्हीही गिळलंय? तू काय गिळलंस रे? भर जेवणघरात कर्ण्यावरून माझं नाव वाचलंस तू. सूतखात्याचा प्रमुख कुआंग योंगनियन, आणि कामावरून कमी केलेल्यांत पहिलं नाव कुआंग योंगशान! माझ्या हातात अजून भाताचा डबा होता. तीस वर्षांचा होतो मी. ही पोर पहिलीत होती. तिच्या शाळेच्या दाराशी मी रताळी भाजून विकली, आणि ही मला ओळख न दाखवता पलीकडून जायची. ते मी गिळलं. तू काय गिळलंस?"

पेल्याच्या कडेवरून योंगनियन अंगठा फिरवत राहिला.

"त्याला कशाला बोलतोस?" आबा म्हणाले. माशाच्या वडीचा तुकडा त्यांनी तोंडात टाकला आणि शांतपणे चावला. "नाव त्याने नव्हतं दिलं. मी दिलं."

खाली बंधाऱ्यावरून एक ट्रक गेला.

"व्यवस्थापक घरी आले होते," आबा सांगू लागले, जणू एखादी जुनी चांगली आठवण सांगावी. "म्हणाले, लोक पेटलेत, कोणी ऐकत नाही. आदर्श कामगाराच्या घरातून पहिलं नाव निघालं तर बाकीचे गप्प बसतील. थोरला वेडा, म्हणे माझं लिहा. मी म्हटलं, तू खात्याचा प्रमुख, तुझी त्यांना गरज आहे. धाकट्याचं लिही. आणि लोक बसले गप्प. व्यवस्थापकांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला होता."

"आबा," योंगशान म्हणाला. "आबा, तुम्ही?"

"मग काय करायला हवं होतं? गिरणी अडचणीत होती."

"आणि मी?"

"तू माझा मुलगा होतास. तुझ्यावर माझा हक्क होता. दुसऱ्याच्या मुलावर कसा सांगणार?"

योंगशान उठला तेव्हा त्याची खुर्ची मागे पडली. ती उचलायला तो थांबला नाही. जिन्यावर त्याची पावलं धडधडत उतरली आणि त्याच्यामागे योंगनियनही गेला.

चाईशिया मात्र सासऱ्यांसमोर उभी राहिली. या घरात तिने आवाज चढवलेला कोणी ऐकला नव्हता.

"थोरल्या जाऊबाई गेल्या, तेव्हा मी त्यांच्या मातीला गेले नाही," ती म्हणाली. "सख्ख्या बहिणीसारखी बाई होती. मी गेले नाही, का? तर भाऊजींचं तोंड बघायचं नव्हतं म्हणून. तुम्ही त्या दिवशी मला काय म्हणालात आबा, आठवतं? 'सून मानी आहे' म्हणालात. सगळं ठाऊक असून तेव्हासुद्धा तोंड उघडलं नाहीत."

"चाईशिया, पाहुण्यांसमोर—"

"तुमच्या पाहुण्या आहेत त्या. माझ्या नाहीत."

"अगं, पण तूच तर बोलावलंस त्यांना," शूफान म्हणाली. ती पर्स खांद्याला लावून उभी होती. "आबांनी बाबांचं नाव दिलं, तू माझं दिलंस. त्यांच्यावर कशाला ओरडतेस?"

चाईशियाने लेकीकडे पाहिलं. थोबाडीत बसावी तसा तिचा चेहरा झाला. शूफानने ते पाहिलं आणि तरीही तोंडातून गेलेलं परत घेतलं नाही.

फू मॅडमनी कोट चढवला. "वेईकाई, मला स्टेशनवर सोडतोस?"

वेईकाईने बहिणीकडे पाहिलं, रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. मग त्याने गाडीची किल्ली उचलली आणि मॅडमसाठी दार उघडून धरलं.

*

योंगशान बंधाऱ्याच्या पायऱ्यांवर बसला होता. थोरल्याने सिगरेट पुढे केली. ती त्याने घेतली नाही, स्वतःच्या खिशातली काढली.

"का नाही बोललास?"

"काय बोलणार?"

"की 'तुझं नाव मी नाही दिलं'. पाच शब्द आहेत."

"मग तू आबांना शिव्या दिल्या असत्यास. घर सोडून गेला असतास. आई तेव्हा अंथरुणावर होती." योंगनियनने धूर सोडला. "मला दिल्यास, चाललं."

"चाललं? कोणाला चाललं?" योंगशान ताडकन उभा राहिला. "मला नाही चाललं! मला भाऊ नव्हता एवढी वर्षं. तुझ्या बायकोच्या हातचं खाल्लं नाही मी. तुझं पोर अंगाखांद्यावर खेळवलं नाही. हे सगळं तू एकट्याने ठरवलंस? म्हातारा बिनलाजा आहे, ते आज कळलं. पण तू? तू तर चांगुलपणाने मारलंस मला!"

त्याने थोरल्याची कॉलर धरली होती. रस्त्यावरून जाणारी एक बाई थांबून बघू लागली. योंगनियनने कॉलर सोडवायचा प्रयत्न केला नाही. थोड्या वेळाने योंगशानचीच बोटं सैल झाली. तो पुन्हा पायरीवर बसला, आता भावाच्या अगदी जवळ, जागा कमी असल्यासारखा.

"वर आबांजवळ कोण आहे?" त्याने विचारलं.

"कोणी नसेल."

"घरी न्यायला हवं."

"नेऊ. आधी ही संपू दे."

दोघांनी सिगरेटी संपवल्या, आणि योंगनियनने पाकिटातून आणखी दोन काढल्या.

*

शूफान हॉटेलच्या दारातून बाहेर पडली तेव्हा आई मागोमाग आली. बसथांब्यापर्यंत दोघी हातभर अंतर ठेवून चालल्या.

"गेंचं पुढे काय झालं?" चाईशियाने विचारलं.

"आठवड्यापूर्वी त्यांनी स्वतःच सोडलं. भरपाई न घेता. कंपनीला तेच हवं होतं."

"तू आता काय करणार?"

"शोधेन. नाही मिळालं तर नाही मिळालं. रताळी विकेन." शूफानच्या आवाजात धार होती, पण वडिलांना ओळख न दाखवता शाळेत शिरणारी ती मुलगी तिला आज दिवसभर डाचत होती. ते ती आईला सांगणार नव्हती.

चाईशिया थांबली. "तो मान की काय तो माझ्या खात्यात येतो, तो मी बंद करायला सांगते."

"तो तसाही बंद होईल, आई. मी नाही म्हटल्यावर कशाला देतील?"

"त्यांनी देणं बंद केलं ते वेगळं. मी नको म्हटलं ते वेगळं."

"हे त्या रविवारी म्हणाली असतीस तर?"

चाईशियाने पिशवीतून फोन काढला. म्हातारपणाची चाहूल लागलेल्या तिच्या बोटांना फू मॅडमचं नाव सापडायला वेळ लागला. शूफानने मदत केली नाही. बस आली, दार उघडलं, चालकाने त्यांच्याकडे पाहिलं आणि बस निघून गेली.

पलीकडे घंटी वाजू लागली. चाईशियाने घसा साफ केला, पाठ ताठ केली. शूफान हाताची घडी घालून जरा लांब उभी राहिली. राग तिचा तसूभरही उतरला नव्हता. पण आई काय बोलते ते तिला शेवटपर्यंत ऐकायचं होतं.